अर्धं गाणं कागदावर

परवा एका धाकट्या मित्राला मी हॉकविंड या ब्रिटिश बँडचा 'स्पेस रिचुअल' हा अल्बम ऐकायला सांगितला. त्याने फोनवर लावला, हेडफोन कानात घातले आणि दहाव्या मिनिटाला काढून ठेवले. "दादा, हे काय चाललंय? एकच सूर धरून बसलेत. मधूनमधून कुकरच्या शिट्ट्या. आणि तो माणूस गाण्याऐवजी सूचना काय वाचतोय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. सूर खरंच एकच आहे, शिट्ट्याही आहेत, आणि हवाई हल्ल्याच्या वेळी रेडिओवर द्यावी तशी एक सूचनाही एक माणूस वाचतो. पण १९७३ साली ज्या पोराने हा अल्बम विकत घेतला, त्याला नुसता आवाज मिळाला नव्हता. दोन तबकड्यांबरोबर घडीवर घडी उलगडत जाणारं, पूर्ण उघडलं की आपला पाट झाकून टाकेल असं कव्हर मिळालं होतं. तो जमिनीवर पालथा पडून ते बघत, वाचत ऐकत होता. माझ्या मित्राच्या फोनवर तेच कव्हर टपालाच्या तिकिटाएवढं होतं. म्हणजे अर्धं गाणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

हॉकविंडच्या या अवकाशी संगीताला स्पेस रॉक म्हणतात, आणि त्याच्याबरोबरच्या या कागदाचं मूळ अंडरग्राउंड कॉमिक्समध्ये आहे. तो तिथून आला कसा, ते सांगायचं तर आधी सॅन फ्रान्सिस्कोला आणि मग लंडनच्या एका वस्तीत जावं लागतं. वाटेत डॉक्टर स्ट्रेंज भेटतो, दोन खटले भेटतात आणि उडणारी चहाची किटलीही भेटते.

फुली मारलेली कॉमिक्स

अंडरग्राउंड कॉमिक्स म्हणजे तळघरात छापलेली नव्हेत. नेहमीच्या प्रकाशकांनी छापली नसती, नेहमीच्या स्टॉलवाल्यांनी ठेवली नसती आणि कुणाची परवानगी न घेता काढली, ती अंडरग्राउंड. इंग्रजी स्पेलिंगात शेवटी जिथे 'सीएस' येतात तिथे या मंडळींनी मुद्दाम 'एक्स' घातला. उच्चार तोच राहिला, पण पोराटोरांच्या कॉमिक्सपासून आपलं वेगळं काढायला तेवढी एक फुली पुरली.

परवानगीचा प्रश्न आला तो १९५४ साली. त्याआधी अमेरिकेत भयकथा, गुन्हेकथा आणि अवकाशकथांची कॉमिक्स धो धो खपत. फ्रेड्रिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने, यामुळे पोरं बिघडतात, असं पुस्तक लिहिलं. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी सरकारने काही करायच्या आत स्वतःच कडक नियमावली करून घेतली. तिचं नाव कॉमिक्स कोड. तिचा शिक्का नसलेला अंक विक्रेते घेईनात. ईसी नावाच्या कंपनीची झकास भयकथा आणि अवकाशकथांची कॉमिक्स त्यात संपली. मागे राहिलं ते 'मॅड', तेही मासिक म्हणून. पण पांघरुणात टॉर्च लावून ईसीचे अंक वाचलेली पोरं काही संपली नव्हती. १९६५च्या सुमाराला ती विशीत आली, आणि तोवर त्यांच्या गावात एलएसडी आलं होतं.

एलएसडीबद्दल दोन वाक्यं बोलायलाच हवीत. स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमनने १९३८ साली ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९४३ साली स्वतःवर त्याचा परिणाम अनुभवला. 'सायकेडेलिक' हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या डॉक्टरने पुढे ग्रीक धातूंवरून घडवला. अर्थ साधारण 'मन उघडं करून दाखवणारं'. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ पासून त्यावर बंदी आली. ते किती जणांना आवडलं आणि किती जणांना भोवलं हा वेगळा विषय. आपल्याला त्याच्या वर्णनातल्या दोनच गोष्टी कामाच्या आहेत. एक, काळ ताणला जातो. दोन, वस्तूंच्या कडा पक्क्या राहत नाहीत, एका गोष्टीतून दुसरी निघते. आता विचार करा, हे दाखवायचं कशात? कादंबरीत पानं खर्च होतील, सिनेमाला पैसे लागतील. कॉमिकला लागतात एक टाक, काळी शाई आणि चौकटी. चौकट म्हणजे काळाचा तुकडा. तो हवा तेवढा ताणा.

१९६८च्या सुरुवातीला रॉबर्ट क्रंब या चित्रकाराचा 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक आला. प्रकाशक डॉन डोनाह्यू, छापणारा चार्ल्स प्लायमेल. दुकानं घेणार नाहीत म्हणून क्रंबची बायको आणि हे सगळे मिळून बाबागाडीत अंकांच्या चळती घालून सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट स्ट्रीटवर विकत हिंडले. बाळ आहे म्हणून डोकवावं तर आत हे!

प्लायमेलवरून एक आडवळण घेतो. हा कवी आणि छापणारा, १९६३ साली सॅन फ्रान्सिस्कोत अॅलन गिन्सबर्गबरोबर एकाच घरात राहत होता. त्याच्या आदल्याच वर्षी गिन्सबर्ग मुंबईत होता आणि अशोक शहाणे, अरुण कोलटकर या मंडळींत त्याची ऊठबस होती. शहाण्यांनी 'असो' काढलं तेही १९६३च्या सुमाराला. झॅपचा आणि आपल्या लघुअनियतकालिकांचा काही थेट संबंध नाही, कुणी कुणाचं बघून केलं नाही. पण मोठ्या मासिकाच्या संपादकाकडे कशाला जायचं, स्वतः छापू की, हा हट्ट दोन्हीकडे एकाच काळात होता, आणि मध्ये एक ओळखीचा माणूस ये-जा करत होता, एवढं खरं.

क्रंबला रॉक आवडत नव्हतं

इथे एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटतं, हिप्पी चित्रकार म्हणजे हिप्पी संगीताचा भक्त. क्रंबने जॅनिस जॉप्लिनच्या बँडच्या 'चीप थ्रिल्स' अल्बमचं कव्हर केलं, १९६८ सालीच, आणि ते रॉकमधल्या सर्वांत प्रसिद्ध कव्हरांपैकी एक झालं: प्रत्येक गाण्याला एक चौकट, अख्खं कव्हर म्हणजे कॉमिकचं पान. खरं तर ते मागच्या बाजूसाठी काढलं होतं, ते पुढे आलं. पण क्रंब स्वतः १९२०च्या दशकातल्या जुन्या तबकड्या जमवणारा आणि बँजो वाजवणारा माणूस. रॉकचा गोंगाट त्याला सोसत नसे.

संगीताशी खरा पूल बांधला तो दुसऱ्या अंकापासून झॅपमध्ये आलेल्या दोघांनी, व्हिक्टर मोस्कोसो आणि रिक ग्रिफिन यांनी. हे दोघे मुळात पोस्टरवाले. फिल्मोर आणि अॅव्हलॉन या नाचघरांत दर आठवड्याला जे कार्यक्रम होत त्यांची पोस्टर काढणारे.

मोस्कोसोचं एखादं पोस्टर जवळून बघा. अक्षरं इतकी फुगवून वळवलेली की आधी ती अक्षरं आहेत हेच कळत नाही. लाल पार्श्वभूमीवर हिरवं, निळ्यावर नारिंगी. राणी रंगाच्या साडीला पोपटी काठ असला आणि ऊन पडलं की काठ जागेवर राहत नाही, हलतो, तसंच इथे होतं. याचं कारण साधं आहे. परस्परविरोधी दोन रंग सारख्याच उजळपणाचे घेतले की कोणता पुढे आणि कोणता मागे हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि तो सीमारेषेवर झुलत राहतो. मोस्कोसो हे येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स या रंगांच्या जाणकाराकडे शिकला होता. पोस्टर लांबून पटकन वाचता यावं, रंग डोळ्यांना खुपू नयेत, असं तेव्हाच्या कला-विद्यालयांत शिकवत. त्याने नेमकं उलटं केलं. हिशेब असा: पटकन वाचता येणाऱ्या पोस्टरवरून नजर पटकन निघूनही जाते. हे वाचायला रस्त्यात तीन मिनिटं उभं राहावं लागतं. शिवाय लाल-निळे दिवे आळीपाळीने लावले की वेगवेगळे रंग दिसेनासे होऊन चित्र हलू लागेल, अशीही काही पोस्टर त्याने केली.

झॅपच्या आतल्या काळ्यापांढऱ्या पानांवर रंग नव्हता. मग तिथे त्याने चौकटींनाच झुलायला लावलं. चौकट तीच, आतल्या आकृतीत जरासा बदल. पुन्हा तीच चौकट, अजून जरासा बदल. संवाद नाही, गोष्ट म्हणावी तर नाही. सहाव्या-सातव्या चौकटीपाशी लक्षात येतं की आपण सुरुवात केली ती वस्तू आता भलतीच काहीतरी झालेली आहे, आणि ती नक्की कधी झाली ते सांगता येत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा. हॉकविंड नेमकं हेच कानाला करतं.

ग्रिफिन मूळचा समुद्रावर सर्फिंग करणारा, त्याच विषयाच्या मासिकात चित्रं काढणारा. जिमी हेंड्रिक्सच्या १९६८च्या कार्यक्रमासाठी त्याने काढलेला पंख फुटलेला, आगीच्या वेटोळ्यातून झेपावणारा डोळा तुम्ही कुठल्यातरी टीशर्टवर नक्की पाहिला असेल. ग्रेटफुल डेड या बँडच्या 'एओक्सोमोक्सोआ' अल्बमचं कव्हरही त्याचंच.

जादूगार डॉक्टर

मुख्य प्रवाहातली कॉमिक्स या सगळ्यात बाजूला नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या या नाचांची सुरुवातच एका कॉमिकमधल्या पात्राच्या नावाने झाली. 'फॅमिली डॉग' नावाच्या टोळक्याने १६ ऑक्टोबर १९६५ रोजी लाँगशोअरमेन्स हॉलमध्ये पहिला कार्यक्रम केला, त्याला नाव दिलं 'डॉक्टर स्ट्रेंजला मानवंदना'. मार्व्हलचा हा जादूगार स्टीव्ह डिटकोने १९६३ साली काढायला घेतला होता. वाकलेल्या वाटा, अधांतरी दारं, दिशाच नसलेली पोकळी. पोरांना वाटायचं, हा चित्रकार नक्कीच काहीतरी घेत असणार. प्रत्यक्षात डिटको अत्यंत शिस्तीचा, आयन रँडच्या विचारांचा, हिप्पींपासून चार हात लांब राहणारा गृहस्थ. ते सगळं त्याने शुद्धीत, टेबलावर बसून काढलं. मला हे फार आवडतं, कारण 'सायकेडेलिक म्हणजे नशा' हे समीकरण त्याने एकट्याने मोडलंय.

लंडनमध्ये पिंक फ्लॉइड या बँडने हा धागा उचलला. 'अस्ट्रॉनॉमी डॉमिनी' या १९६७च्या गाण्यात ग्रहांच्या नावांबरोबर डॅन डेअरचं नाव येतं. तो १९५०पासून 'ईगल' या ब्रिटिश साप्ताहिकात येणारा अवकाशवीर. पुढच्या वर्षीच्या 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'चं कव्हर हिप्नॉसिस या मंडळींनी केलेलं पहिलं कव्हर. ग्रहांच्या धुरकट गर्दीत एका बाजूला मोठ्या स्क्रीनवर बारीक बघा, मेरी सेव्हरिनने काढलेली डॉक्टर स्ट्रेंजच्या कॉमिकमधली चित्रं त्यात चिकटवलेली दिसतील. अवकाशाचं चित्र हवं होतं. तेव्हा दुर्बिणीच्या फोटोंपेक्षा कॉमिकमधलं अवकाश पोरांना जास्त ओळखीचं होतं.

मग स्पेस रॉक म्हणजे काय?

ब्लूजमधून आलेलं नेहमीचं रॉक गाणं एका घरातून निघून फिरून घरी येतं. स्वर बदलतात, ताण येतो, सुटतो. स्पेस रॉक निघतं आणि जातच राहतं. गिटार आणि बास एकच ठेका, एकदोन स्वरसंगती, दहा-दहा मिनिटं धरून ठेवतात. आपल्याला तानपुरा ठाऊक आहे, त्यामुळे आपल्याला हे अवघड जाऊ नये; फरक एवढाच की इथे तानपुराच पुढे बसलाय आणि तो इंजिनासारखा धडधडतोय. त्याच्यावर येतात ते विचित्र आवाज. हॉकविंडमध्ये डिक मिक नावाचा गडी प्रयोगशाळेत उपकरणं तपासायला वापरतात तो ध्वनिजनक घेऊन बसायचा. त्यात चावी नाही, पडदा नाही. एक गोल खटका फिरवला की आवाज खालून वर सरकत जातो. तो प्रतिध्वनीच्या यंत्रातून सोडला की माझ्या मित्राचा कुकर तयार. जोडीला डेल डेटमारचा सिंथेसायझर. दोघांनाही सुरात वाजवण्याची फारशी गरज नव्हती.

आता मोस्कोसोची चौकट आठवा. ठेका तोच, वर जरासा बदल. ठेका तोच, अजून जरासा बदल.

पण या तंत्रात एक अडचण आहे. असं संगीत गोष्ट सांगू शकत नाही. शब्द थोडे, तेही गोंगाटात बुडालेले. आपण कुठल्या यानात आहोत, कुठे निघालोत, हे ऐकणाऱ्याला सांगणार कोण?

लॅडब्रोक ग्रोव्ह

१९६९ साली पश्चिम लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात हॉकविंड सुरू झालं. तेव्हा ती स्वस्त भाड्याची, पडक्या घरांची वस्ती होती. वस्तीच्या डोक्यावरून वेस्टवे नावाचा उड्डाणपूल गेला आणि त्याच्याखाली ही मंडळी फुकट वाजवू लागली. पोर्टोबेलो रोडवरचं 'माउंटन ग्रिल' हे त्यांचं खाण्याचं ठिकाण. १९७४च्या अल्बमच्या नावात ते अजरामर झालं. त्याच रस्त्यावर ३०५ क्रमांकाच्या घरात 'फ्रेंड्स' या भूमिगत वृत्तपत्राचं ऑफिस होतं. आसपासच राहणारा विज्ञानकथाकार मायकेल मूरकॉक 'न्यू वर्ल्ड्स' मासिकाचा संपादक होता. कवी रॉबर्ट कॅल्व्हर्टही त्याच वर्तुळात वावरत असे. चाळीत जसं एकाच्या घरी साखर आणि दुसऱ्याच्या घरी पेपर असतो तसं इथे एकाकडे छपाई, दुसऱ्याकडे बँड आणि तिसऱ्याकडे गोष्टी होत्या.

आणि बार्नी बबल्स. खरं नाव कॉलिन फुल्चर. कार्यक्रमांत प्रोजेक्टरखाली तेल-पाण्याचे बुडबुडे नाचवायचा, त्यावरून हे नाव पडलं. आधी व्यवस्थित नोकरी करणारा जाहिरात-डिझायनर. १९६८ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन तिथल्या पोस्टरवाल्यांना भेटून आला, आणि मग फ्रेंड्सची मांडणी बघू लागला. कॅलिफोर्नियाचा कागद आणि लंडनचा आवाज यांची गाठ पडली ती या एका माणसाच्या टेबलावर.

१९७१ साली 'इन सर्च ऑफ स्पेस' आला. बबल्सने कव्हर मधोमध कापून एकमेकांत अडकणाऱ्या पाळ्यांचं केलं, आणि आत २४ पानी पुस्तिका ठेवली: हॉकविंड नावाच्या अवकाशयानाची रोजनिशी. मजकूर कॅल्व्हर्टचा, मांडणी बबल्सची. नोंदी, आकृत्या, नक्षत्रं, फोटो, कुठून कुठून उचललेले मजकुराचे तुकडे, सगळं एकत्र. नोंदींत अशी कल्पना येते की जागा आणि काळ दोन्ही संपत आलेत, विचारांची खोली जातेय, यान पुठ्ठ्याच्या फायलीसारखं दुमडून सपाट होणार आहे आणि आतल्या माणसांच्या मनांतले आवाज दाबले जाऊन काळ्या चकचकीत तबकडीत उरणार आहेत, अनंत काळ फिरत.

हे वाचून मान वर करा. पुठ्ठा तुमच्या मांडीवर आहे. तबकडी समोर फिरतेय. म्हणजे तुम्ही यानाचं वर्णन वाचत नव्हता, यान तुमच्या हातातच होतं! इतकी नेटकी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या कव्हरात पाहिलेली नाही. आणि एका सुरावर दहा मिनिटं का थांबायचं याचं उत्तरही त्यातच आहे: तो सूर हा यानाच्या इंजिनाचा आवाज आहे, इंजिन चालीत गात नसतं.

त्याच वर्षी फ्रेंड्समध्ये (तोवर स्पेलिंगात शेवटी 'झेड' आला होता) मूरकॉक आणि चित्रकार जिम कॉथॉर्न यांनी हॉकविंडलाच नायक करून एक कॉमिक पट्टी छापली, 'द सॉनिक असॅसिन्स'. गल्लीतला बँड आता कागदावरचा महावीरांचा जथा झाला. 'स्पेस रिचुअल'मधली ती सूचना, 'सॉनिक अटॅक', तीही मूरकॉकनेच लिहिलेली आणि कॅल्व्हर्टने वाचलेली: ध्वनीचा हल्ला झाल्यास नागरिकांनी काय करावं, अशी सरकारी थाटाची, पोटात गोळा आणणारी थट्टा. 'स्पेस रिचुअल' ज्या दौऱ्यात रेकॉर्ड झाला, त्या दौऱ्यात रंगमंचाची मांडणी बबल्सनेच पायथागोरसच्या स्वर आणि ग्रहांच्या कल्पनेवर बेतली. दारात जो कार्यक्रमपत्रिकेचा कागद मिळे, त्यात अवकाशयात्रींची गोष्ट असे. दौऱ्याला पैसा आला तो 'सिल्व्हर मशीन' हे गाणं १९७२ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं म्हणून. सगळ्यांना ते अवकाशयानाचं गाणं वाटतं. कॅल्व्हर्टने ते लिहिलं होतं सायकलवर. आल्फ्रेड जारी या फ्रेंच लेखकाचा कालयंत्र कसं बनवावं यावरचा एक लेख वाचून त्याची खात्री पटली होती की हे वर्णन सायकलचंच आहे.

खटले

हसतखेळत चाललंय असं वाटत असेल तर थांबा. लंडनमध्ये 'ऑझ' मासिकाने शाळकरी मुलांकडून एक अंक करून घेतला. त्यात एका मुलाने क्रंबच्या एका अश्लील चित्रकथेतल्या पात्राच्या धडावर रूपर्ट या बाळबोध अस्वलाचं डोकं चिकटवलं. १९७१ साली संपादकांवर ओल्ड बेली या लंडनच्या न्यायालयात खटला चालला, तुरुंगाची शिक्षा झाली, अपिलात ती रद्द झाली. १९७३ साली 'नॅस्टी टेल्स' या कॉमिकवर खटला झाला; ते निर्दोष सुटले. त्यातला एक आरोपी मिक फॅरन हा डेव्हियंट्स बँडचा गायक, आणि पुढे हॉकविंडच्या लेमीबरोबर गाणं लिहिणारा. आरोपींच्या पिंजऱ्यात आणि रंगमंचावर तीच माणसं होती. ऑझचा एक संपादक फेलिक्स डेनिस याने १९७२पासून 'कॉझ्मिक कॉमिक्स' ही मालिका काढली; ब्रायन बॉलंड, डेव्ह गिबन्स यांची सुरुवातीची चित्रं तिच्यात आहेत.

अमेरिकेत १९७३च्या मिलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवायला स्थानिक समाजाची मोजपट्टी लावली. मग छोट्या गावातल्या दुकानदाराने धोका कशाला पत्करावा? चिलमी, पोस्टर आणि कॉमिक्स एकत्र विकणारी ती दुकानं आखडती झाली आणि विक्रीचा रस्ताच गेला.

आणि सगळा दोष न्यायालयांचा नव्हता. या कॉमिक्समध्ये बायकांवर जे काही काढलंय ते आज बघवत नाही, आणि मुक्तीच्या नावाखाली ते खपवलं गेलं. ट्रिना रॉबिन्स आणि तिच्या सोबतिणींनी तेव्हाच हे तोंडावर सांगितलं, आणि १९७० साली 'इट एन्ट मी, बेब' हा फक्त बायकांनी काढलेला अंक छापून दाखवला.

किटली, मातृयान आणि फोर्टचा फुटपाथ

बाकीच्यांचं थोडक्यात. गाँग या बँडचा डेव्हिड अॅलन हा ऑस्ट्रेलियन. १९६७ साली ब्रिटनने परत आत घेतलं नाही म्हणून फ्रान्समध्ये अडकला. त्याने गाँग नावाच्या ग्रहाची अख्खी पुराणकथा रचली आणि १९७३-७४च्या तीन अल्बममधून सांगितली. डोक्यावर पंखा असलेले हिरवे बुटके त्यात चहाच्या किटल्यांत बसून उडतात. चित्रं, नकाशे, वंशावळ्या अॅलन स्वतःच काढायचा, वहीच्या मागच्या पानावर काढावीत तशी. माझ्या मते हे हॉकविंडपेक्षा कमी देखणं पण जास्त प्रेमळ आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतात हेच काम शिकागोच्या पेड्रो बेलने केलं. फंकाडेलिक या बँडच्या १९७३च्या 'कॉझ्मिक स्लॉप'पासून त्याने स्केचपेनांनी भरगच्च कव्हरं केली आणि आतला वेडावाकडा मजकूरही लिहिला. पार्लमेंट नावाच्या बँडच्या १९७७च्या अल्बमबरोबर तर ओव्हर्टन लॉइडने काढलेलं कॉमिकच मिळे. यांच्या कार्यक्रमांत रंगमंचावर खरोखरचं 'मातृयान' उतरायचं. गोऱ्या हिप्पींचं अवकाश म्हणजे पळून जाण्याची जागा होती; इथे मात्र काळा माणूस यानाचा मालक म्हणून परत येत होता. तीच साधनं वापरून सांगितलेली ही गोष्ट वेगळी आहे.

फ्रान्समध्ये १९७५च्या सुरुवातीला मोबियस, द्रुइये हे चित्रकार आणि साथीदारांनी 'मेताल यूर्लाँ' हे कॉमिक्सचं नियतकालिक काढलं. मोबियसचा 'आर्झाक' एका शब्दाशिवाय चालतो, वाळवंटावरून पक्ष्यावर बसून. वाद्यसंगीताला याहून जवळचं कॉमिक मला माहीत नाही. अमेरिकेत त्याची 'हेवी मेटल' नावाने आवृत्ती १९७७ साली निघाली, आणि तिचा एक कव्हर फाटलेला अंक मला कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवर मिळाला. विक्रेत्याने "ले जाव, बच्चों का कार्टून है" म्हणून तीस रुपयांत दिला. घरी आईने दोन पानं उलटली, मिटलं आणि एक शब्द न बोलता माझ्या हातात दिलं. मोबियसइतकीच शब्दविरहित प्रतिक्रिया.

आणि गोवा. तिथली ट्रान्स, म्हणजे रात्रभराच्या पार्ट्यांतलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आभाळातून पडलेली नाही. अंजुण्याच्या पार्ट्यांचा म्होरक्या गोवा गिल मूळ सॅन फ्रान्सिस्को भागातला, त्याच फॅमिली डॉगच्या वर्तुळातला पोरगा; १९७०च्या सुमाराला गोव्यात आला तो इथलाच झाला. ट्रान्सच्या तबकड्या काढणाऱ्या टिप रेकॉर्ड्स कंपनीचा राजा राम हा साठच्या दशकाच्या शेवटी त्याच लंडनच्या वस्तीत क्विंटेसन्स या बँडमध्ये बासरी वाजवत होता. गाँगचा गिटारवादक स्टीव्ह हिलेज पुढे सिस्टम सेव्हनमधून नाचाच्याच संगीतात आला. माडांमध्ये ताणलेली, अतिनील दिव्यांच्या उजेडात पेटणारी ती कापडं जरा निरखली तर लालावर हिरवं आणि निळ्यावर नारिंगी, तोच मोस्कोसोचा हिशेब दिसतो.

बबल्सने पुढे बऱ्याच नव्या बँडांची कव्हरं केली, बहुतेकांवर स्वतःचं नाव घातलं नाही, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या दुकानांत सीडी आली. बारा इंचांचा कागद पाच इंचांवर आला. मग फोन आला.

त्या मित्राला मी घरी बोलावलं आणि यानाच्या रोजनिशीची पानं लॅपटॉपवर उघडून दिली. अल्बम स्पीकरवर लावला. तो पुठ्ठ्याच्या फायलीपाशी अडकला, दोनदा मागे गेला. मग विचारलं, "दादा, हे आधी वाचायचं की ऐकता ऐकता?"

मी म्हटलं, तेव्हा रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपायची आणि उलटायला उठावंच लागायचं. तेवढ्यात जेवढं होईल तेवढं.